काकूच्या मानेखाली दुसरीच बाई

आज सकाळी घरच्या ग्रुपवर काकूच्या फ्रेमचा फोटो आला आणि माझं डोकं फिरलं. अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

काकूचं वर्षश्राद्ध आलंय. त्यासाठी मोठी फ्रेम करून घेतली. चेहरा आधार कार्डावरचा. तो चेहरा कसा असतो हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, दचकलेला, ओठ घट्ट मिटलेला. स्टुडिओवाल्याने तो उचलला, गोरा केला, सुरकुत्या पुसल्या आणि खाली कुठल्यातरी परक्या बाईचं धड चिकटवलं. जांभळी पैठणी, तन्मणी, मागे निळा पडदा. काकूने उभ्या जन्मात पैठणी नेसली नव्हती. तिच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं, तेही डाग समजून साफ केलंय. आणि त्याखाली ग्रुपवर रांगेने हात जोडलेले, "छान झालाय हो फोटो."

छान? अरे, ती काकू नाहीये!

जास्त राग कशाचा आला सांगू? मी फोटो पाठवला होता. चांगला, स्पष्ट, मोठा करता येईल असा. चिपळूणच्या घराची मागची पडवी, मे महिना, काकू विळीवर बसलेली, पुढ्यात कापा फणस. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हात खोबरेल तेलाने चकाकतायत, कारण चीक लागला की दोन दिवस सुटत नाही. एका बाजूला परातीत गरे, दुसऱ्या बाजूला जुन्या पेपरवर आठळ्यांचा ढीग. आणि ती मान वर करून बोलतेय. बहुतेक मलाच ओरडतेय, आयत्या गऱ्यांवर हात मारते म्हणून. तोंड अर्धं उघडं, डोळे हसणारे. हनुवटीवर गोंदण.

दादाचं, म्हणजे काकूच्या मुलाचं, उत्तर आलं, "काय गं बाय, विळीवर बसलेली बाई भिंतीवर लावायची? येणारे-जाणारे काय म्हणतील?"

काय म्हणतील? म्हणतील की ही काकू! ज्या बाईने चाळीस वर्षं त्या घराला जेवू घातलं, तिला विळीवर बसलेली दाखवायची लाज वाटते, आणि दुसऱ्याच्या धडावर तिचं डोकं बसवताना वाटत नाही?

आपल्याकडे फोटो म्हणजे नटूनथटून उभं राहायचं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की रोजचं माणूस फोटोच्या लायकीचंच वाटत नाही. एक काळ होता, तेव्हा मी समजू शकते. बाबांकडे अग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये 12 फोटो. गणपतीत दोन, बारशाला तीन, कुणी मुंबईहून आलं तर एखादा, असं करत रोल संपायला वर्ष लागायचं. मग धुवायला टाकायचा, पैसे मोजायचे. तेव्हा फणस सोलणाऱ्या बाईवर फोटो कोण खर्च करणार? ठीक आहे. त्यांना दोष नाही.

पण त्या अल्बममध्ये काकू शोधा. प्रत्येक लग्नात मागच्या रांगेत, कुणाच्यातरी खांद्याआड अर्धी. किंवा नाहीच. कारण "चला, फोटो काढतायत" अशी हाक आली तेव्हा ती चुलीपाशी होती. कित्येक घरांत हेच असणार, तुमच्याही. काका मात्र आहेत, खुर्चीत, मध्यभागी.

आता तर रोल नाही, धुणं नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. आणि त्यात काय आहे? हॉटेलातली ताटं, गुड मॉर्निंगची फुलं, एकाच सूर्यास्ताचे तीस फोटो. ज्या हातांनी रोज डबा भरून दिला ते हात एकाही फोटोत नाहीत. गेल्यावर मग सगळे फोन उघडून शोधत बसतात आणि शेवटी आधार कार्ड सापडतं.

हो, काकूला फोटोची लाज वाटायची, "अवतारात काढू नको गो" म्हणायची, हे खरं. पण फणसाचा फोटो दाखवल्यावर तिने फोन हातात घेऊन, लांब धरून, बराच वेळ बघितला होता. आणि म्हणाली, "मी हसताना अशी दिसतंय होय?" तिला साठीनंतर कळत होतं आपण हसताना कशा दिसतो. आरशासमोर कोण हसतं?

हे लिहिताना राग जरा उतरला. दादाही आईविना झालाय. त्याला आई छान दिसायला हवी होती. तिला जन्मात न मिळालेली पैठणी निदान भिंतीवर मिळावी, असंही त्याच्या मनात असेल. मी समजते. तरी गोंदण पुसायला नको होतं.

आता थोडं कामाचं. आमच्या घरात 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा खालच्या कपाटातले अल्बम गेले. चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले. चिखल उपसून हात लावेपर्यंत ते आपोआप वाळले होते, आणि वाळले की संपलं. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, तो भिजून मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला धरून बसतो. ओले असतानाच वेगळे करायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे, चेहरा वर करून सावलीत पसरायचे. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे सवडीने सोडवता येतात. पण गावात वीज नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माणसं फोटो वाचवत नव्हती, धान्य वाचवत होती. त्याबद्दल कुणाला काय बोलणार.

वरच्या फळीवरचा काळ्या पानांचा, कोपरे लावलेला अल्बम तेवढा वाचला. त्यातले कृष्णधवल फोटो अजून ठणठणीत, कारण त्यात चांदी असते. 1984 च्या लग्नाचे रंगीत फोटो मात्र लालसर पडलेत, कारण ते रंग उडतात. म्हणजे पूर आला नाही तरी तुमच्या कपाटातले ऐंशीच्या दशकातले फोटो आत्ता, हे वाचताना, फिके होतायत. स्कॅन करून घ्या.

"सगळं क्लाउडवर आहे" म्हणणाऱ्यांनाही सांगते. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट साठवणं 1 जून 2021 ला बंद झालं. आता 15 जीबी भरले की पैसे भरा, नाहीतर नवीन फोटो चढत नाहीत. आणि घरच्या ग्रुपवरून आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, फोटो कधी काढला ती तारीखही निघून जाते. जपायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोय आहे, वापरत कुणी नाही. आणि वर्षातून पंधरा-वीस तरी कागदावर छापा. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा, बॉलपेनने नको, पुढे वळ उठतो.

अनुषा यादव यांनी 2010 मध्ये सुरू केलेला इंडियन मेमरी प्रोजेक्ट जमल्यास इंटरनेटवर बघा. लोकांच्या घरचे जुने फोटो आणि त्यामागच्या गोष्टी. साधी माणसं, पण कुणीतरी नाव सांगितलंय, कुठे राहायचे, काय करायचे ते सांगितलंय, म्हणून ती माणसं उभी राहतात. आमच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये विहिरीजवळ उभ्या असलेल्या चार बायका आहेत. त्यातली एक काकूची सासू, म्हणजे माझी आजी. बाकीच्या तिघी कोण हे काकूला माहीत होतं. आता फक्त बाबांना माहीत आहे, आणि तेही दोघींचीच नावं खात्रीने सांगतात.

सगळं कॅमेऱ्यातूनच बघणारी माणसं मलाही आवडत नाहीत. पंगतीत ताटावर फोन घेऊन वाकणारी तर नाहीच. मी ते म्हणतच नाहीये. विचारून काढा, एकच काढा, काढून त्या माणसाला दाखवा. आई पोळ्या लाटतेय, बाबा चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतायत, सासूबाई पापडाच्या वाळवणापाशी काठी घेऊन बसल्यात.

घरच्यांपैकी जे वाचतायत त्यांना: फणसाचा फोटो मी मोठा करायला टाकलाय, फ्रेमसकट. दादा, तुझी फ्रेम माजघरात राहू दे, माझं काही म्हणणं नाही. माझी मागच्या पडवीत लागेल, आणि ती कुणाला विचारून लावणार नाही. दिवाळीला येताना ज्याच्याकडे जे जुने फोटो असतील ते आणा. चिकट पानांवरचे ओढून काढू नका, अख्खा अल्बम आणा. बाबांना दुपारी झोप झाल्यावर बसवू, संध्याकाळी त्यांना नावं नीट आठवत नाहीत.