शहरात नवीन आलात तर दाराआडचं काम आधी धरू नका

गावाकडून कुणी जळगावला नाहीतर धुळ्याला राहायला आलं की बाईमाणसाला पहिला सल्ला मिळतो तो एकच, घरबसल्या काहीतरी काम धर. मणी ओवायचे, राख्या बांधायच्या, दुकानातून फॉल-पिकोच्या साड्या आणायच्या, घरीच बसून करायचं, पोरं पण सांभाळली जातात. सांगणारे चांगल्या मनानेच सांगतात, त्यात वाद नाही. पण मी स्वतः यातून गेलेय आणि माझं मत एकदम उलट आहे. ज्या शहरात आपल्याला चार लोकं ओळखत नाहीत तिथे पहिलं काम असं पाहिजे की जे आपल्याला लोकांच्या दारात नेईल, मग ते दोन पैसे कमी देणारं असलं तरी चालेल.

आम्ही शिरपूर तालुक्यातले. मिस्टर जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. आता जिनिंगचं ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की काम आणि उन्हाळा लागला की घरी बसा. तर जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात बारमाही काम मिळतंय असं कळलं आणि मेहरूणला एक खोली घेऊन आम्ही आलो. प्लास्टिकच्या चटया जळगावच्या सगळीकडे जातात, घराघरात असतात, पण ती चटई विणणाऱ्या मशीनवर उभं राहणारा माणूस बहुतेक ठेकेदाराकडचा असतो आणि पगाराचा दिवस ठेकेदार ठरवतो. भाड्याचा दिवस घरमालक ठरवतो. या दोन तारखांच्या मधले जे दिवस असतात ना, ते बाईलाच काढावे लागतात.

माझी नणंद सुरतेला आहे, लिंबायतला. तिथे तर अर्धा खान्देश राहतो, गल्लीत अहिराणीच ऐकू येते, भुसावळ-सुरत गाडीत बसलं की सुरत येईपर्यंत आपलीच माणसं. ती बरीच वर्षं घरी साड्यांवर खडे चिकटवते, धागे कापते. माल आणून देणारा एकच माणूस, घेऊन जाणारा पण तोच, भाव तोच सांगणार, डाग पडला म्हणून पैसे कापणार पण तोच. एवढ्या वर्षांत तिने हजारो साड्या हातावरून काढल्या असतील पण त्या साड्या नेसणारी एकही बाई तिला ओळखत नाही. उद्या त्या माणसाने माल बंद केला तर ती पुन्हा पहिल्या दिवशी होती तिथेच. तिचा हात एवढा सफाईदार आहे की बघत राहावं, आणि तो कुणाला माहितीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी दुकानाच्या साड्या घेतल्या नाहीत. दुकानदार गिऱ्हाईकाकडून घेतो त्याच्या निम्मे पण आपल्या हातात पडत नाहीत, ते एक कारण होतंच, पण खरं कारण वरचं. मी आसपासच्या कॉलनीत दुपारच्या वेळी घरोघर फिरले, पिशवीत नमुना म्हणून माझीच एक साडी. फॉल लावणं सोपं वाटतं पण त्यात मेख आहे. नवीन फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीला खाली चुण्या पडतात, मग ती साडी कितीही भारी असो पायाशी गोळा झालेली दिसते. घाईत काम करणारे हे भिजवणं टाळतात. आणि हातशिलाईचा टाका असा घ्यायचा की साडीचा एखाददुसरा धागाच सुईवर यावा, सुलट बाजूने काही दिसता कामा नये. एका काकूंनी साडी उलटसुलट करून बघितली, खिडकीजवळ नेऊन बघितली, आणि विचारलं, कोठली शे व माय तू? त्यांचं माहेर साक्री तालुक्यातलं निघालं. जळगावात आजूबाजूला लेवा बोलीच जास्त कानावर पडायची, तिथे अचानक आपली अहिराणी ऐकून माझा तर जीवच भांड्यात पडला. त्यांनी साडी तर दिलीच पण वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत स्वतः घेऊन गेल्या.

तिथून पुढे सगळं ओळखीनेच झालं. साडी देणारीने विचारलं गोधडी शिवतेस का. शिवते ना, आईबरोबर लहानपणापासून शिवलीये. पण आता सुती नऊवारी कुठे राहिल्या, लोक सिंथेटिक साड्या आणून देतात, त्या सुईखाली सरकतात, म्हणून आधी थर नीट पसरून मोठे कच्चे टाके घालून घ्यावे लागतात आणि मगच कडेने सुरुवात करून चौकोनात आत आत धावदोरा घालत जायचं. याला दिवस लागतात. आणि लोक काय म्हणतात, अगं साड्या तर आमच्याच आहेत, जुन्याच आहेत, एवढे कसले पैसे. हे ऐकलं की मला राग येतो, खरंच येतो. साडी जुनी असेल, माझे डोळे आणि मान तर आजचीच आहे ना. दुकानातली ब्लँकेट घेताना कुणी घासाघीस करत नाही, छापलेली किंमत मुकाट्याने देतात, आणि हाताने शिवलेल्या गोधडीला मात्र भाजीसारखा भाव करतात.

गोधडीवाल्या घरातून उन्हाळ्यात वाळवणाचं काम मिळालं. आपल्याकडे मार्च लागला की उडदाचे पापड, कुरडया, बिबडे, आणि ऊन असं की एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या पुढे जातो. गावात गल्लीतल्या बाया एकमेकींकडे लाट्या लाटायला जातात, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, पैशाचा प्रश्नच नसतो. शहरात नोकरी करणारीला हे जमत नाही आणि बिबडे तर हवेच असतात, मग ती बाई बोलावते. बिबड्याला ज्वारीचं आंबवलेलं पीठ, लसूण, तीळ, मिरची, सगळं शिजवून घोटायचं आणि गरम असतानाच ओल्या कपड्यावर थापायचं, थंड झालं की तडे जातात. हात भाजतात. हिवाळ्यात भरीताचं काम असतं, तेव्हा तर जळगावात भरीत केंद्रांवर रांगा लागतात, पोतंभर वांगी भाजून झाली की गरमागरम सोलायला बाया लागतात, तिथेही मी गेलेय, आणि तिथेच मला खापरावरची पोळी करणाऱ्या मावशी भेटल्या.

खापराची पुरणपोळी ज्याने करताना बघितली नाही त्याने एकदा बघावी. लाटणं नाही, पोळपाट नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करायचा, कोपरापर्यंत पसरतो तो, आणि मग चुलीवरच्या उपड्या खापरावर, म्हणजे मातीच्या भांड्यावर, अलगद टाकायचा. पीठ बारीक चाळून भिजवून तिंबून तिंबून एवढं मऊ करावं लागतं की ते स्वतःच्या वजनाने लोंबलं पाहिजे पण फाटायला नको. मावशींनी मला आधी बरेच दिवस नुसतं पीठच तिंबायला लावलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्याकडे एवढ्या ऑर्डर असतात की रात्री दोनला चूल पेटते, कारण आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला आमरस आणि खापराची पोळी पाहिजेच, मग घरात ती करता येवो न येवो.

आता योजनांचं सांगते कारण खूप जणी विचारतात. पीएम विश्वकर्मा ही हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठीची केंद्र सरकारची योजना २०२३ च्या सप्टेंबरपासून सुरू आहे, त्यात शिंपीकाम आहे, टोपली-चटई-झाडू विणणारे आहेत, एकूण १८ कामं आहेत. सीएससी सेंटरवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देतात तिथे, आधार घेऊन नोंदणी होते, घरातल्या एकालाच मिळते. ट्रेनिंगमध्ये दिवसाचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५००० पर्यंत, आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने. शिवणकामवालीने जरूर करावं. पण त्या १८ मध्ये खापराची पोळी करणारी नाही, पापड-बिबडे करणारी नाही. लोहार, कुंभार कारागीर आहेतच, त्यांना मिळालंच पाहिजे, पण जी बाई हातावर कोपरभर पोळी पसरवते तिला कारागीर का म्हणायचं नाही? आणि अजून एक, गावचं रेशनकार्ड असलं तरी धान्य शहरातल्या दुकानातून आधारवर घेता येतं, वन नेशन वन रेशनमध्ये. नवीन आलेल्या कित्येक घरांना कुणी हे सांगतच नाही आणि ते किराणा दुकानातून गहू-तांदूळ घेत बसतात, ज्या महिन्यात एकेक रुपया महत्त्वाचा असतो त्याच महिन्यात.

शिलाई मशीन मिळालं म्हणजे गिऱ्हाईक मिळालं असं मात्र होत नाही. आमच्याच गल्लीत एकीकडे मशीन आहे, नवीन, चांगलं, त्यावर कपड्यांची चळत ठेवलेली असते, कारण तिला कुणी ओळखत नाही. तिला मी आता माझ्याबरोबर कॉलनीत नेते.

जे शहरात जुने आहेत, घरं आहेत, पगार आहेत, त्यांना माझं एकच मागणं आहे. नवीन बाईला काम दिलं तर पैसे त्याच दिवशी द्या. पुढच्या महिन्यात बघू, सुट्टे नाहीत, साहेब आल्यावर देते, हे तुम्हाला किरकोळ वाटतं, तुम्ही विसरून पण जाता. तिची मात्र त्या दोनशे रुपयांवर गॅसची टाकी अडलेली असते, आणि मागायला पुन्हा दारात यायची तिला लाज वाटते म्हणून ती येतच नाही, मग तिचे पैसेही गेले आणि तुमची ओळखही गेली. फोनवरून पाठवायला आता मिनिट लागत नाही.

आणि नवीन आलेल्या बहिणींनो, भाव काम हातात घेण्याआधीच बोला. गोधडी असेल तर साड्या किती, थर किती, टाका किती जवळ, सगळं आधी. वाळवणाचं असेल तर किलोवर बोला, दिवसावर नको, कारण दिवस लांबवत नेतात. आखाजीच्या आधी मावशींकडे पीठ तिंबायला आणि चुलीजवळ थांबायला दोन जणी लागणारच आहेत, काम अंगमेहनतीचं आहे, पैसे रोजच्या रोज मिळतात, मेहरूण-पिंप्राळ्याकडच्या कुणाला यायचं असेल तर मला मेसेज करा, मी स्वतः घेऊन जाईन.