कॉटनवर ठेवलेली इस्त्री

इंग्लंडात भाड्याने घर घेतलं की किल्लीच्या आधी हातात एक चाळीस पानी पीडीएफ पडते, तिला इन्व्हेंटरी म्हणतात. घरातल्या प्रत्येक नळाची, बल्बची, खिळ्याची त्यात फोटोसकट जन्मपत्रिका असते. आमच्या रेडिंगच्या फ्लॅटच्या बेडरूमच्या पानावर लिहिलं होतं, 'कार्पेट, फिकट बिस्किट रंग, स्थिती चांगली, दाराजवळ किंचित दबलेलं.' मी ते न वाचताच सही ठोकली. पुढे तीन वर्षांनी हे वाक्य मला मारुती स्तोत्रासारखं पाठ होणार होतं, पण तेव्हा काय माहीत.

कार्पेट हा प्रकार आपल्या रक्तात नाहीच हो. आई पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर घर बघत होती तर म्हणाली, "म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजी अंथरलीये, आणि ती उचलून झटकता येत नाही?" मी म्हटलं नाही, व्हॅक्युम करायचं. "आणि पुसायचं कसं?" पुसत नाहीत. यावर ती बराच वेळ काहीच बोलली नाही. नेटवर्क गेलंय असं मला वाटलं, पण तसं नव्हतं.

पहिला प्रसंग वरणाचा. बायको म्हणत होती की टेबलावर जेवू, मी म्हणत होतो की मॅच आहे, कोचावर बसून जेवू, आणि मग विकेट पडली आणि वाटी पण पडली. मी घाईघाईत भांड्याचा साबण आणून जोरात घासलं आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. शाळेतला तो प्रयोग आठवतो ना, हळदीच्या कागदाला साबण लावला की लाल होतो तो? आपल्याकडे हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच न्यायाने, तर मी घरमालकाच्या कार्पेटवर साधारण दीड वीत कुंकू तयार केलं होतं. बायको शांतपणे म्हणाली, "आता दोन अक्षता पण टाक."

तो डाग मात्र गेला. पाणी आणि थोडं व्हिनेगर टिपल्यावर तो परत पिवळ्यावर आला आणि हळद उन्हात उडते हे आईने सांगितलं. आता कार्पेट काही गच्चीवर वाळत घालता येत नाही, म्हणून आम्ही पडदे उघडे ठेवून ऊन त्या जागी यायची वाट बघत बसायचो. इंग्लंडचं ऊन म्हणजे सरकारी साहेबासारखं, आलं तर आलं. पण जुलै होता, तीनेक आठवड्यांत डाग पुसट होत होत गेला आणि मला वाटलं, आपल्याला जमतंय हे.

इथेच चुकलं.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती होता आणि मला झब्ब्याला इस्त्री करायची होती. घरात इस्त्रीचं टेबल आहे, पण ते उघडताना असा आवाज करतं की खालचे शेजारी वर येतील, आणि तसंही आमच्या घरी पिढ्यानपिढ्या जमिनीवर जुनी चादर चौपदरी घालूनच इस्त्री केली जाते. तशीच केली. इस्त्री कॉटनवर होती. मग फोन आला, की आरतीच्या झांजा कुणाकडे आहेत, आणि मी इस्त्री 'चादरीवर' टेकवून झांजा शोधायला गेलो. चादर सरकलेली होती.

वास आधी आला. मेणबत्ती आणि जळकी बादली यांच्या मधला वास. एक लक्षात ठेवा, लोकरीचं कार्पेट असतं तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि काळं पडलेलं कदाचित थोडंफार कातरून काढता आलं असतं. आमचं पॉलिप्रॉपिलिनचं, म्हणजे खुर्च्याबादल्यांचाच चुलतभाऊ. ते १६० डिग्रीच्या आसपास वितळतं आणि कॉटनवरची इस्त्री २०० च्या घरात असते, पुढचं गणित तुम्हीच करा. मी इस्त्री उचलली तर पिझ्झाच्या चीजसारख्या बिस्किट रंगाच्या तारा वर आल्या. खाली एक तपकिरी, चकचकीत, टोकदार त्रिकोण. वाफेची भोकंसुद्धा उमटलेली. कोणत्या कंपनीची इस्त्री आहे ते डागावरून ओळखता आलं असतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "डिपॉझिट किती होतं रे आपलं?"

पाच आठवड्यांचं भाडं. २०१९ च्या कायद्याने यापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे आमच्यासारख्यांच्या भाड्याला तरी, आणि ते पैसे घरमालकाला सरकारमान्य योजनेत संरक्षित करावे लागतात, हे सगळं मी त्या रात्री दोन वाजता वाचलं. गणपती विसरून. झब्बा पण चुरगळलेलाच घातला.

मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं बर्फ लाव. अरे, वितळलेलं प्लास्टिक आहे ते, ताप आलाय का त्याला? मंडळातले एक काका म्हणाले, "त्यावर पलंग सरकवा, आम्ही दहा वर्षं तसेच राहिलो." पलंग सरकवला, तर तो बरोबर दारासमोर आला आणि बाथरूमला जायला गादीवरून चालत जावं लागायला लागलं. आठ दिवस केलं तेही.

शेवटी एका मित्राने खरा उपाय सांगितला. इथे भिंतीतल्या कपाटाच्या आतसुद्धा तेच कार्पेट असतं. कपाटातल्या कोपऱ्यातून एक चौकोन कापायचा, डाग त्याच मापाने कापून काढायचा आणि तिथे तो तुकडा डबल साइडेड टेपने बसवायचा. मी कटर आणला, पुठ्ठ्याचा साचा केला, खालचा फोम कापला जाऊ नये म्हणून श्वास रोखून हळूहळू कापलं, आणि तुकडा इतका चपखल बसला की मी बायकोला म्हटलं, शोधून दाखव. तिने दाखवला. दारातूनच.

कारण कार्पेटला लव असते आणि ती एका दिशेला झुकलेली असते, मखमलीसारखी. माझा तुकडा मी आडवा बसवला होता. सगळं कार्पेट खिडकीकडे बघतंय आणि हा एकटा बाथरूमकडे. टेप इतकी पक्की होती की काढायला गेलो तर कडेचे धागे सुटायला लागले, तेव्हा तसाच राहू दिला. दुपारी ठीक दिसायचा. संध्याकाळचं तिरपं ऊन आलं की कॅरमबोर्ड ठेवल्यासारखा उठून दिसायचा. म्हणून २०२३ मध्ये घर सोडताना तपासणीची वेळ मी मुद्दाम सकाळी दहाची घेतली.

एजंटकडून एक बाई आल्या, टॅबलेट घेऊन. बेडरूममध्ये त्या बरोबर त्या चौकोनावर उभ्या राहिल्या आणि छताचे फोटो काढले. मी मनात सव्वा रुपयाचा नारळ बोललो. मग त्यांनी कपाट उघडलं, हँगरचा दांडा हलवून बघितला, खाली वाकल्या, आणि खूप सभ्यपणे विचारलं, "इथलं कार्पेट कुठे गेलं?"

खरं सांगतो, दोनेक सेकंद मी उंदीर म्हणणार होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या पायाखाली बोट दाखवलं. "तिथे."

त्यांच्या रिपोर्टमधलं वाक्य मी जपून ठेवलंय, 'कपाटातील कार्पेटचा चौकोनी तुकडा गहाळ, तो याच खोलीत आढळला.'

चार दिवसांनी मागणी आली, पूर्ण खोलीला नवीन कार्पेट, ४८० पाउंड. सवयीने शंभराने गुणलं, अठ्ठेचाळीस हजार, आणि पोटात खड्डा पडला. पण रात्री दोनचं वाचन वाया जात नाही. नुकसान आम्ही केलं हे कबूल, इस्त्रीचा डाग काही नैसर्गिक झीज नाही, पण जुन्याच्या बदल्यात कोरं करकरीत मागता येत नाही, वय धरावं लागतं. मी पावती मागितली. कार्पेट २०१६ चं निघालं. सात वर्षं झाली, आयुष्य दहा धरलं तर उरली तीन, म्हणजे १४४ पाउंड, नाहीतर योजनेच्या फुकट लवादाकडे जाऊया, असं मी अतिशय नम्र ईमेलमध्ये लिहिलं. पुरावा द्यायची जबाबदारी मागणाऱ्याची असते तिथे. दोन दिवसांनी उत्तर आलं, १४४ मान्य. बायको म्हणाली, एवढ्यात चांगली इस्त्री आली असती. मी काहीच बोललो नाही.

नवीन घरात पण कार्पेटच आहे, राखाडी. यावेळी इन्व्हेंटरी ओळ न ओळ वाचली, सत्तर फोटो काढले, आणि सगळ्यात आधी कपाटं उघडली. मोठ्या कपाटात, मागच्या कोपऱ्यात, वीतभर चौकोन गायब आहे. तसं एजंटला लगेच लिहून कळवलं. मात्र तो तुकडा घरात कुठे लावलाय ते दोन आठवडे झाले शोधतोय, संध्याकाळच्या उन्हात रांगत फिरून पण झालं, सापडत नाहीये. जो कोण होता त्याने लव बरोबर बसवलीये.