आधी सतरंजी घाला

'आवाज ज्याच्या त्याच्या कानाचा, मोजमापं कशाला?' हे स्पीकरवरच्या लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. माझ्या मेव्हण्याला बायाँ (डग्गा) घुमल्याशिवाय तबला ऐकल्यासारखं वाटत नाही. घुमू दे बापडा, ती त्याची आवड. पण स्पीकरनेच मनाने बायाँ फुगवला तर तो दोष झाला, आणि मायक्रोफोन लावला की तो ग्राफवर दिसतो.

शिवाय आवडीही वाटतात तेवढ्या वेगळ्या नसतात. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात आणि पुढे सहकारी शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर अमेरिकेत लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले. बहुतेकांची पसंती सपाट प्रतिसादाच्या, म्हणजे खर्ज-तार काहीच न फुगवता-दाबता वाजवणाऱ्या स्पीकरलाच. तेच स्पीकर डोळ्यांसमोर आले की मात्र आकार, ब्रँड बघून मतं फिरायची!

मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. दुकानात दोन अ‍ॅम्प्लिफायर ऐकले, महागडा जास्त 'खुलून' वाजला, घेतला. नंतर लक्षात आलं, त्याचा आवाज किंचित चढा ठेवला होता. डेसिबलभराचा फरक कानाला मोठा म्हणून कळतच नाही, नुसता 'गोड' लागतो. घरी शहाबादी फरशीच्या उघड्याबोडक्या खोलीत तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण) कर्कश आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमुळे खर्ज गदगद. शेवटी जाड सतरंजी घातली, स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले. जवारी मोकळी झाली. खर्च शून्य, सतरंजी माळ्यावर पडूनच होती. बायको अजून अ‍ॅम्प्लिफायरची किंमत विचारते, मी तेव्हा आवाज वाढवतो.