मनुष्यबळ विकास म्हणजे हजेरी-पगार नव्हे : खुलासा

‘मनुष्यबळ विकास अधिकारी म्हणजे हजेरी आणि पगारपत्रक पाहणारा माणूस’ असा मजकूर चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कामगारांमध्ये फिरत आहे; तो चुकीचा आहे. मनुष्यबळ विकास म्हणजे कामगारांची कौशल्ये आणि क्षमता वाढवण्याचे काम. लहान कारखान्यांत हजेरी-पगार आणि मनुष्यबळ विकास ही दोन्ही कामे एकाच टेबलावर येतात, त्यातून हा गैरसमज होत असावा. लार्सन अँड टुब्रोने १९७५ मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या शिफारशींवरून मनुष्यबळ विकासासाठी स्वतंत्र विभाग उभारला, तर पॅट्रिशिया मॅकलॅगन यांच्या १९८९ च्या अमेरिकी अभ्यासाने त्यातील ११ भूमिका आणि ३५ क्षमता नोंदवल्या. सीएनसीवरच्या (संगणक-नियंत्रित मशिनवरच्या) नव्या ऑपरेटरचे जॉब (तयार केलेले सुटे भाग) वारंवार रिजेक्ट होत असतील, तर त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही की फिक्श्चरच (भाग घट्ट धरून ठेवणारा साचा) सैल आहे, हे मशिनपाशी उभे राहून शोधणे आणि फिक्श्चर सैल असल्यास प्रशिक्षण हा त्यावरचा उपाय नव्हे, असे व्यवस्थापनाला स्पष्ट सांगणे, हीच आमच्या मते या पदाची खरी कसोटी आहे.