‘मर्सिडीज’ या नावावरील आक्षेपाला उत्तर

महोदय,

‘मर्सिडीज’ या स्पॅनिश स्त्रीनामावरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, “मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मजुरी आहे, ‘कृपा’ हा अर्थ धादांत खोटा आहे. पाच मिनिटे इंटरनेट चाळले की असे लेख पडतात.” उच्चाराबाबतही आपण टोकले आहे, आणि ते मला मान्य आहे: स्पेनमध्ये ‘मेर्थेदेस’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘मेर्सेदेस’ म्हणतात, मोटारीमुळे रुळलेला उच्चार मी शीर्षकात द्यायला नको होता. मात्र ‘पाच मिनिटे’ हे शब्द मला लागले. मी अकरा वर्षे ही भाषा शिकतो आणि शिकवतो आहे. चूक दाखवणे हा वाचकाचा हक्क आहे. लेखकाच्या कष्टांची किंमत परस्पर ठरवणे हा नव्हे.

आता मजुरीविषयी. लॅटिन ‘मेर्केस’ म्हणजे वेतन, मोबदला, हे खरेच आहे आणि माझ्या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात ते आहेही. आपण तो परिच्छेद वाचला असता, तर हा वाद झाला नसता. ख्रिस्ती लॅटिनमध्ये त्याच शब्दाला ईश्वराकडून मिळणारे फळ आणि पुढे कृपा असा अर्थ आला. स्पॅनिशमध्ये ‘मेर्सेद’ म्हणजे कृपा, राजाने दिलेले इनाम. ‘वुएस्त्रा मेर्सेद’ या आदराच्या संबोधनातूनच आजचे ‘उस्तेद’, म्हणजे आपले ‘आपण’, घडले. शब्दांचे अर्थ असे बदलतातच: धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजबरीचा गुन्हा होता, पण तेवढ्यावरून आज साहसी मुलीला कोणी गुन्हेगार म्हणत नाही.

शिवाय हे नाव मुलींना थेट लॅटिन शब्दावरून नव्हे, तर ‘मारिया दे लास मेर्सेदेस’ (‘कृपांची मारिया’) या मेरीमातेच्या नावावरून मिळाले. मेरीमातेवरूनच आलेल्या दोलोरेस, रेमेदियोस या नावांसारखे तेही म्हणूनच अनेकवचनी आहे. पेद्रो नोलास्को यांनी 1218 मध्ये बार्सिलोनात स्थापलेला, याच मातेच्या नावाचा मेर्सेद हा ख्रिस्ती धार्मिक संघ मुस्लिम राजवटींत कैद झालेल्या ख्रिस्ती लोकांना खंडणी भरून सोडवत असे, आणि गरज पडल्यास स्वतः ओलीस राहण्याची शपथ त्याचे सदस्य घेत. पैसा मोजून माणूस सोडवणे यालाच तिथे कृपा म्हटले गेले. आपण ज्या दोन अर्थांत भांडण लावत आहात, ते या संघात एकत्र नांदत होते.

बार्सिलोनात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत असे, त्या आजींच्या दारावरच्या पितळी पाटीवर आधी ‘एम’ हे अक्षर, त्याच्या खांद्याशी बारीक ‘ए’ आणि पुढे ‘मेर्सेदेस’ असे होते. ती दोन अक्षरे म्हणजे ‘मारिया’. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात कातालान या तिथल्या स्थानिक भाषेतील नावांची नोंद होत नसे, म्हणून कागदावर मेर्सेदेस असलेल्या या बाईंना घरात सगळे ‘मेर्से’ म्हणत. 24 सप्टेंबरला, मातेच्या सणाच्या दिवशी, मी त्यांना नावाचा अर्थ विचारला, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता ‘कृपा’ असे सांगितले. आयुष्यभर हे नाव वागवलेल्या बाईपेक्षा आपल्याला अधिक कळते, असे आपले म्हणणे असेल, तर माझा इलाज नाही.

हे नाव मोटारीचे आहे, असे सुचवणाऱ्या आपल्या चार ओळींना एवढेच उत्तर: डाइमलर कंपनीच्या मोटारी विकणारे व्यापारी एमिल येलिनेक यांनी ती मोटार 1889 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीच्या नावाने ओळखली जावी असे पाहिले, म्हणजे मुलीचे नाव आधी, मोटारीचे नंतर. माझ्या लेखातील पणजीजवळच्या मेरशी गावाचा उल्लेखही ओढूनताणून केलेला नाही, कारण तेथील चर्च याच मातेचे आहे आणि गावाचे पोर्तुगीज नाव ‘मेर्सेस’ आहे.

शीर्षकातील उच्चार मी आज रात्री दुरुस्त करीन. अर्थाची ओळ आहे तशीच राहील.