दोन स्टार देणाऱ्या नागपूरच्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला, तेव्हापासून कामात जीव लागत नाही. तुम्ही एवढ्या उन्हात नागपूरहून काटोलमार्गे आमच्या वरूडला आलात आणि इथे तुम्हाला चाळीस मिनिटं बसून राहावं लागलं, तेही पंखा बंद असलेल्या खोलीत. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पंख्याचा आवाज गाण्यात मिसळतो म्हणून तो बंद ठेवतो, पण हे आधी सांगायला पाहिजे होतं.

तुमच्या तीन तक्रारी आहेत. थांबवून ठेवलं, ही पहिली. केफ कंपनीचे जुने एलएस५० आणि नवीन एलएस५० मेटा या स्पीकरच्या दोन जोड्यांत काडीचा फरक नाही, ही दुसरी. आणि तिसरी तुमच्याच शब्दांत लिहितो : ‘जुना माल खपवायला दुकानदाराने नवीन जोडी मुद्दाम हळू वाजवली.’ पहिली मला मान्य आहे. तिसरी मात्र फार लागली, भाऊ. माझ्या वडिलांनी लग्नाकार्यात झाडावर भोंगे बांधून हा धंदा सुरू केला. आजही आमचं पोट लग्न, गणपती आणि भजनाच्या कार्यक्रमांच्या माइक सर्व्हिसवरच चालतं. ही ऐकायची खोली मी हौसेने उभी केली आणि तिथे येणारं माणूस तुमच्यासारखंच बाहेरगावाहून, रिव्ह्यू वाचून येतं. गेल्या आठवड्यात अमरावतीच्या एका गिऱ्हाइकाने ठरलेली भेट रद्द केली. कारण विचारलं तर त्यांनी तुमचंच लिखाण पुढे केलं.

म्हणून त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगतो.

आपली वेळ अकराची ठरली होती. तुम्ही पावणेदोनला आलात. रस्त्यावर उशीर होतो, त्याचा राग नाही. पण अकराच्या हिशोबाने मी सगळं मोजून ठेवलं होतं. दुपारी संत्र्याच्या बागांमधल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडतं, त्यात एकदा लाइनही गेली. लाइन आल्यावर मी सगळं पुन्हा मोजायला घेतलं. तुमची चाळीस मिनिटं त्यात गेली.

दोन जोड्यांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी एकसारखा करावा लागतो. एखाद्या डेसिबलचा फरक पडला तरी कानाला मोठा आवाजच सरस वाटतो. दुसरा हळू आहे हे कळत नाही, तो फिका आहे असं वाटतं. कंपनीच्या कागदावर या दोन्ही जोड्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते माप, सारखीच, ८५ डेसिबल आहे. तरी मी कागदावर सोडत नाही. तुम्ही ज्या खुर्चीत बसणार, तिथे मीटर ठेवून खरखरीची फाइल वाजवतो, दोन्ही जोड्या ७५ डेसिबलवर आणतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबवर पेन्सिलीने खूण करतो. त्या दिवशी दोन्हींची खूण एकाच जागी आली होती. ती मी तुम्हाला दाखवलीही होती.

आधी जुनी जोडी लावली. ती वाजत असताना मी चहा सांगायला खाली गेलो. परत आलो तर नॉब खुणेच्या बराच पुढे होता. तुमच्यासोबतचे दादा म्हणाले, ‘जरा मोठा केला, मजा येते.’ मी गप्प बसलो. दारात आलेल्या माणसाला काय टोकायचं, असं वाटलं. मग मेटा लावताना नॉब मी पुन्हा खुणेवर आणला. तुम्ही पाहिलं ते एवढंच : दुकानदाराने हात लावला आणि आवाज कमी झाला. त्याच वेळी मी तोंड उघडायला पाहिजे होतं, ही माझी चूक. पण लबाडी केली नाही.

आता फरकाचं. तुम्ही मोबाइलवरून सगळी ठोक्याची गाणी लावलीत. त्यात फरक सापडणार नाही हे मी सुरुवातीलाच म्हणालो होतो. दोन्हींत आवाज काढणारा सव्वापाच इंचाचाच मोठा पडदा आहे, त्याच्या मधोमध बारीक सूर वाजवणारा एक इंचाचा ट्वीटर. डबाही तेवढाच, ३० सेंटिमीटर उंच. खालचा सूर दोघांचा कागदावर ७९ हर्ट्झपर्यंतच आहे. मेटाचं वजन ७.२ किलोवरून ७.८ वर गेलं, पण त्याने ढोल मोठा होत नाही.

२०२० साली मेटात बदल झाला तो मुख्यतः ट्वीटरच्या मागे. ट्वीटरची टोपी पुढे वाजते तशी मागेही वाजते. विहिरीत हाक मारली की ती फिरून वर येते ना, तसा तो मागचा आवाज परत येऊन पातळ टोपीतून पुढच्या आवाजात मिसळतो. मेटात तिथे एक चकती बसवली आहे, आत अरुंद नळ्यांचा चक्रव्यूह. प्रत्येक नळी आपापल्या पट्टीचा आवाज गिळते. मागचा नको असलेला ९९ टक्के आवाज त्यात जिरतो असं केफ कंपनी सांगते. हा फरक बासमध्ये कसा मिळेल? तो मिळतो तो बाईच्या आवाजातल्या ‘स’मध्ये, झांजेत, खंजिरीत. म्हणून मी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं, मोझरीकडचं खंजिरी भजन लावलं होतं. जुन्या जोडीवर खंजिरीच्या चकत्यांची एकच छनछन येते. मेटावर चकत्या वेगवेगळ्या मोजाव्यात अशा ऐकू येतात आणि वाजवणाऱ्याचा तळहात चामड्यावर कुठे पडला तेही कळतं. ते भजन चालू असताना तुम्ही फोनवर बोलत बाहेरच्या गॅलरीत होता. माझं म्हणणं एवढंच की ते न ऐकता ‘काडीचा फरक नाही’ असं लिहायला नको होतं.

आणि जुना माल म्हणता ती जोडी दुकानाची नाहीच. ती माझी स्वतःची आहे. कंपनीला पन्नास वर्षं झाली त्यानिमित्ताने, २०१२ साली, हे मॉडेल आलं. बीबीसीने १९७०च्या दशकात माणसाचा बोलण्याचा आवाज पारखायला एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर तयार केला होता, त्यातले पडदे केफचेच होते. एलएस५० त्याच वळणाचा. आयुष्यभर माइकवरचं बोलणं लोकांपर्यंत पोचवणाऱ्या घरात तो आवडणारच. कितीला देणार, हे तुम्ही विचारलंत म्हणून मी आकडा सांगितला. तो तुम्हाला जास्त वाटला, ते बरोबरही असेल. आता ती जोडी मी कोणालाच देणार नाही.

पुढे वेळेचं नीट बघतो, खोलीत हवेची काहीतरी सोय करतो, नॉबबद्दलही आधी सांगत जाईन.

पुन्हा यायचं झालं तर सकाळी दहाच्या आत या, तेव्हा लाइन बरी असते. दादांनाही आणा. खंजिरीचं भजन आधी लावू, तेवढा वेळ फोन बाजूला ठेवा.