स्वसंरक्षण शिकायला माणसं का येतात

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला पाच-सहा जणांनी पाठवला. त्याचा गाभा असा: स्वसंरक्षण शिकायला दोनच प्रकारची माणसं जातात, एक मारामारीची खुमखुमी असलेली आणि दुसरी भित्री. क्लासमधले डाव रस्त्यावर चालत नाहीत, समोर चाकू आला की सगळं विसरायला होतं. बायका-मुलींना खोटा आत्मविश्वास येतो आणि त्या उलट जास्त धोक्यात सापडतात. शेवटी सल्ला: पळायला शिका, बाकी सगळा वेळेचा आणि पैशांचा अपव्यय.

पाठवणाऱ्यांपैकी दोघींना क्लासला यायचं होतं, आणि हे वाचून त्या विचारात पडल्या आहेत. म्हणून हे उत्तर. मी स्वतः अकरा वर्षं शिकतेय आणि त्यातली सहा वर्षं नवख्यांच्या तुकडीला शिकवायला मदत करतेय. सहा वर्षांत किती जणांची पहिली सही माझ्यासमोर झाली ते मोजलेलं नाही, पण ती माणसं का आली हे मला चांगलं आठवतं.

आधी खुमखुमीचं बघू. अशी मुलं येतात, नाही असं नाही. पण त्यांना जे हवं असतं ते तिथे मिळत नाही. पहिला महिनाभर उभं कसं राहायचं, तळहात उघडे ठेवून हात वर कसे घ्यायचे, एक पाऊल मागे कसं जायचं एवढंच चालतं. मनगट धरलं तर पकडीची कमजोर जागा अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये असते, तिथून हात सोडवायचा. हेच एका हाताने पन्नास वेळा, दुसऱ्या हाताने पन्नास वेळा. शिवाय जोडीदाराने दोनदा थोपटलं की त्याच क्षणी पकड सोडायची. ज्याला ते जमत नाही त्याच्याशी कुणी जोडी लावत नाही. हात शिवशिवत असलेला माणूस या सगळ्याला दीड महिन्यात कंटाळतो आणि निघून जातो.

राहतात ती वेगळी माणसं. रात्रपाळी करणारी परिचारिका, एकटी राहणारी विद्यार्थिनी, दुकान बंद करून गल्ला घेऊन घरी जाणारा माणूस. आमच्या अर्जात ‘का शिकायचं आहे?’ असा एक रकाना आहे. त्यात जवळजवळ सगळे ‘फिटनेस’ लिहितात. खरं कारण कळायला तीन-चार महिने लागतात. सराव संपलेला असतो, हाताच्या पट्ट्या गुंडाळणं चाललेलं असतं, आणि कुणीतरी मान वर न करता सांगायला लागतं, ‘एकदा काय झालं होतं...’ या गोष्टींचा शेवट ‘त्याने मला मारलं’ असा क्वचितच होतो. बहुतेक वेळा तो असतो, ‘आणि मला काही करताच आलं नाही.’

एका बाईंचं सांगते. चाळिशीच्या, हाताखाली वीस-पंचवीस माणसं असलेल्या. आमचा एक साधा सराव आहे: जोडीदार समोरून चालत येतो, तुम्ही दोन्ही तळहात पुढे करून ‘थांब! मागे हो!’ असं ओरडायचं. बाईंनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. दुसऱ्या वेळी त्या ‘सॉरी’ म्हणाल्या. तिसऱ्या वेळी ‘जरा मागे होता का?’ असं, एखाद्या पाहुण्याला विचारावं तसं. आम्ही आग्रह केला नाही. चौथ्या आठवड्यात तो आवाज आला, पोटातून आला, आणि समोरून येणारा मुलगा एक पाय उचललेला तसाच थांबला. बाई कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, ‘लिफ्टमध्ये एक माणूस मला चिकटून उभा राहिला होता. आठ मजले. मी वरचे दिव्यांचे आकडे मोजत उभी होते.’

दातखीळ बसणं हा शब्द आपण सहज वापरतो, पण शरीर खरोखरच तसं करतं. लैंगिक अत्याचारानंतर मदत केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा एक स्वीडिश अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्या प्रसंगात शरीर लक्षणीय प्रमाणात थिजलं होतं. जवळपास निम्म्या जणींच्या बाबतीत ते अतितीव्र होतं. ती संमती नव्हती आणि भित्रेपणाही नव्हता. बुद्धीला विचारायच्या आधीच शरीर हे करून मोकळं होतं. लिफ्टमधल्या बाईंना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं; त्या कित्येक वर्षं स्वतःलाच दोष देत होत्या.

म्हणून त्या मजकुरातला ‘भित्री’ हा शब्द मला फार लागला. त्यात ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हणही घातली आहे. आता हेच बघा: जुदोचे जनक कानो जिगोरो लहानपणी अंगाने किरकोळ होते आणि शाळेत दांडगी मुलं त्यांना छळायची, म्हणून ते जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेकडे वळले. पुढे 1882 मध्ये टोकियोतल्या एका मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली. लंडनच्या एडिथ गॅरुड पाच फुटांपेक्षाही कमी उंचीच्या. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना पोलीस आणि जमाव धक्काबुक्की करायचे, तेव्हा 1913 च्या सुमाराला नेत्यांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या पथकाला जुजुत्सू शिकवलं ते त्यांनीच. या दोघांनाही आपलं अंग समोरच्यापुढे किती लहान आहे ते पक्कं ठाऊक होतं. भीती वाटत होती म्हणूनच ते शिकले असतील, तर त्यात कमीपणा कसला?

आता चाकू. इथे मजकूर लिहिणाऱ्याशी मी बरीचशी सहमत आहे. चाकूसमोर रिकाम्या हाताचा माणूस फार मोठ्या धोक्यात असतो आणि ‘हा डाव टाका, चाकू खाली’ असं दाखवणाऱ्या शिक्षकाकडे जाऊ नका असं मीही सांगते. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं होतं की चाकू घेतलेला धडधाकट माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. चांगल्या क्लासमध्ये चाकूचा पहिला धडा म्हणूनच अंतर, आडोसा आणि बाहेर पडायची वाट हा असतो. मागितलेली वस्तू लांब फेकून उलट दिशेने निघून जाणं हाही शिकवलेला डावच आहे.

पण ‘क्लासमधलं रस्त्यावर चालत नाही’ हे काही नवं सत्य नव्हे. क्राव मागा या स्वसंरक्षण पद्धतीची सुरुवातच या अनुभवातून झाली. इमी लिख्टेनफेल्ड उत्तम कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धे होते. 1930 च्या दशकात आजच्या स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात ज्यू वस्तीवर टोळ्या हल्ले करू लागल्या तेव्हा ते रस्त्यावर उतरले, आणि पंच, वजनगट, घंटा असलेल्या खेळातलं कितीतरी तिथे निरुपयोगी ठरतं हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं. पुढे त्यांनी बसवलेली पद्धत 1948 नंतर इस्रायली सैन्यात शिकवली जाऊ लागली. दचकल्यावर हात आपोआप डोक्याकडे जातात ना, त्याच हालचालीवर तिथे बचाव रचला आहे, कारण घाबरलेल्या माणसाला नाजूक काही आठवत नाही. आम्हीही आधी धावायला लावून, दमवून, मोठ्या आवाजात गाणी लावून, डोळे मिटायला सांगून मग पकडतो. सुरुवातीला लोक खरंच सगळं विसरतात. विसरायचं ते तिथे, गादीवर विसरून झालेलं बरं.

खोट्या आत्मविश्वासाचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो काळजीच्या सुरात मांडलेला आहे. या प्रश्नाची तपासणी झालेली आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला चार सत्रांत मिळून 12 तासांचं प्रशिक्षण, दुसऱ्याला नेहमीची माहितीपत्रकं. वर्षभरानंतर पत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के होतं आणि प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2 टक्के. बलात्काराच्या प्रयत्नांतला फरक तर 9.3 आणि 3.4 टक्के असा होता. शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2015 चा आहे. शिकून मुली जास्त धोक्यात सापडत असत्या, तर हे आकडे उलटे दिसले असते.

त्या 12 तासांत लाथा-बुक्क्यांना एकच सत्र होतं. बाकीच्या वेळात ओळखीच्या माणसाचा रोख कसा ओळखायचा, आणि ओळखीचा आहे म्हणून नाही म्हणायला जीभ का रेटत नाही, यावर काम होतं. मजकुरातला हल्लेखोर अंधाऱ्या गल्लीत चाकू घेऊन उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या दर तीन स्त्रियांपैकी सुमारे एकीने आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, आणि त्यात मोठा वाटा नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा असतो. घरच्या माणसापासून पळून कुठे जायचं, याचं उत्तर ‘पळायला शिका’ म्हणणाऱ्याने द्यायला हवं. आणि एक गोष्ट जाता जाता सांगतेच: जी शिकली नाही, किंवा शिकूनही थिजली, तिच्यावर यातलं काहीही ढकलू नये. गुन्हा करणाऱ्याचाच.

राहिलं पळणं. पळाच, आम्हीही तेच शिकवतो. फक्त केस कुणाच्या मुठीत असताना पळता येत नाही, आणि जमिनीवर पडलेल्या माणसाला आधी उठावं लागतं. पडण्यावर तर आमचे आठवडेच्या आठवडे जातात: हनुवटी छातीला, पाठ गोल, आधारासाठी हात मागे टेकायचा नाही. जगात दर वर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात, तेव्हा हा धडा हल्लेखोर कधीच भेटला नाही तरी वाया जात नाही.

गेल्या वर्षी एक 62 वर्षांचे गृहस्थ आले. बायको जिन्यावरून पडून गेली होती. ‘का शिकायचं आहे?’ या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘पडायला’. ते अजून ठोसे शिकलेले नाहीत, त्यांना त्यात रसही नाही. दर शनिवारी सगळ्यांच्या आधी येतात, गादीच्या कडेला उकिडवे बसतात, हनुवटी आत घेतात आणि मागे झोकून देतात. वीस वेळा, मधे दम घेऊन आणखी वीस.